ओळखीपाळखीचं गणित आणि वायरलेस जाळं : पहिल्यांदा मेश आखणाऱ्यांसाठी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एका ओळीत बारा टिंबं काढा. नदीकाठच्या रस्त्याला लागून बारा वाड्या आहेत असं समजू. दोन वाड्यांत साधारण ४०० मीटर अंतर. पहिल्या वाडीपर्यंत फायबर आलंय, पुढे काही नाही. प्रत्येक वाडीत एका घरावर राउटर बसवायचा, त्याने अलीकडच्या-पलीकडच्या वाडीशी बोलायचं, आणि असं हातोहात करत बाराव्या वाडीपर्यंत इंटरनेट पोहोचवायचं. मेश नेटवर्क शिकायला बसलेल्याच्या हातून पहिलं चित्र बहुतेक हेच उतरतं. तेच चित्र आपण शेवटपर्यंत वापरू, म्हणून टिंबांना १ ते १२ आकडे देऊन ठेवा.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणि आपल्या भागात स्वतःचं जाळं उभारू पाहणारी मंडळी डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय. गणित बेरीज, भागाकार आणि एका वर्गमूळापलीकडे जात नाही. माणसांच्या ओळखीपाळखीचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञांच्या हाती जे लागलं, त्यातलं बरंचसं रेडिओच्या जाळ्याला लागू पडतं, पण सरसकट नाही. ओळख टिकवायला हवा लागत नाही. रेडिओला लागते (हवा म्हणजे इथे बोलायला मिळणारा चॅनल आणि वेळ), आणि ती सगळ्यांत मिळून एकच असते. नवख्यांच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

पायरी १ : टप्पे मोजा

पहिल्या वाडीत गेटवे आहे, म्हणजे आपलं जाळं इंटरनेटला जोडणारा राउटर. दुसरी वाडी तिथून एक टप्पा, तिसरी दोन, अशी बारावी ११ टप्पे. सगळ्यांची बेरीज ६६, वाड्या ११, म्हणजे गेटवेपर्यंत सरासरी ६ टप्पे.

सहा हा आकडा ओळखीच्या जाळ्यांमध्ये प्रसिद्ध आहे. स्टॅन्ले मिलग्राम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक प्रयोग केला. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअर दलालापर्यंत एक पाकीट पोहोचवायचं. मात्र ते थेट पोस्टाने न पाठवता, ज्याला आपण व्यक्तिशः ओळखतो अशा कुणाकडे तरी द्यायचं आणि त्याने पुढे द्यायचं. जेफ्री ट्रॅव्हर्ससोबत त्याने १९६९ साली छापलेल्या आकडेवारीप्रमाणे नेब्रास्का आणि बॉस्टन परिसरातल्या २९६ जणांपासून सुरुवात झाली, ६४ पाकिटं पोहोचली, आणि पोहोचलेल्या साखळ्यांमध्ये मध्यस्थ सरासरी ५.२ होते. जगात सगळे सहा पावलांवर आहेत, ही लोकांच्या तोंडी बसलेली गोष्ट मुख्यतः इथून पसरली.

जाळं आखणाऱ्याने मात्र त्या न पोहोचलेल्या २३२ पाकिटांकडे बघावं. वाट अस्तित्वात असणं वेगळं आणि त्या वाटेने माल पोहोचणं वेगळं. प्रत्येक हातात थोडी गळती झाली तरी साखळी लांबली की शेवटी फारसं उरत नाही.

रेडिओत ही गळती आणखी जाचक असते. एकच रेडिओ असलेला राउटर एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. त्यामुळे दोन टप्प्यांत वेग निम्मा होतो, तीन टप्प्यांत एक-तृतीयांश. पुढे थोडी सुटका होते, कारण दूरच्या दोन जोड्या एकाच वेळी बोलू शकतात. २००१ साली एमआयटीच्या मंडळींनी अशी लांब साखळी तपासली तेव्हा आदर्श स्थितीत मूळ वेगाचा एक-चतुर्थांश मिळायला हवा असं निघालं, आणि वाय-फायच्या तेव्हाच्या नियमांनी सिम्युलेशनमध्ये हाती आला सुमारे एक-सप्तमांश. आपल्या बाराव्या वाडीच्या नशिबी हेच आहे. तेव्हा पहिलं काम टप्पे कमी करण्याचं.

पायरी २ : एक लांब दुवा टाकून बघा

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली छापलेल्या अभ्यासासाठी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की नोकरीची खबर कुणाकडून मिळाली. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या माणसाला वरचेवर भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून भेटत होते आणि २७.८ टक्के क्वचितच. याचं कारण साधं आहे. रोजच्या बैठकीतल्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. नवी खबर येते ती दुसऱ्या गोतावळ्यात वावरणाऱ्या लांबच्या ओळखीकडून. दोन घट्ट कोंडाळ्यांना जोडणारा पूल बहुतेक वेळा अशा विरळ नात्याचाच असतो.

पुढे १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी याला आकड्यांत बसवलं. प्रत्येकी दहा शेजारी असलेल्या १००० नोडांचं (नोड म्हणजे जाळ्यातलं एक टिंब) कडं घ्यायचं आणि शंभरातली एखादी जोडणी उचलून भलतीकडे लावायची. सरासरी अंतर धाडकन कोसळतं, शेजारपणाचा घट्टपणा मात्र जवळपास तसाच राहतो. गंमत त्या ‘शंभरातली एखादी’मध्ये आहे. सगळं जाळं नव्याने विणावं लागत नाही.

आता आपल्या कागदावर या. गेटवे पहिल्या वाडीतच राहणार, फायबर तिथेच आहे. तुम्हाला एकच लांब दुवा टाकायची मुभा आहे. कुठे टाकाल?

वर्गात विचारलं की निम्मे हात बाराव्या वाडीकडे जातात. सगळ्यात लांब तीच, तिलाच जोडावी असं वाटणं साहजिक आहे. करून बघा. १–१२ जोडलं की ओळीचं कडं होतं आणि टप्प्यांची बेरीज ६६ वरून ३६ वर येते. काही जण मधोमध, सहाव्या वाडीला जोडतात. बेरीज तीच, ३६. सातवीला जोडलं तर ३२, आठवीला ३०, नववीला २९, दहावीला पुन्हा ३०. म्हणजे सगळ्यात चांगली जागा नववी वाडी, ओळीच्या साधारण दोन-तृतीयांशावर. तिथून दुवा दोन्ही बाजूंना वाटला जातो : दहावी, अकरावी, बारावी पुढून येतात, आठवी, सातवी, सहावी मागे वळून येतात. सरासरी ६ होती ती २.६४ झाली. एका दुव्यात!

ही बेरीज स्वतःच्या हाताने एकदा तरी करा. कॉम्प्युटर पुढे आहेच, पण पेन्सिलीने बारा आकडे लिहिताना सहावी वाडी नेमकी कुठल्या बाजूला झुकते ते जसं कळतं, तसं उत्तर छापून आल्यावर कळत नाही.

इथे कुणी म्हणेल, वॉट्स-स्ट्रोगॅट्झच्या जोडण्या कुठेही जातात, रेडिओच्या जाणार नाहीत. बरोबर आहे. रेडिओचा दुवा अंतराने बांधलेला असतो. पण अहमद हेल्मी यांनी २००३ मध्ये नेमकं हेच तपासलं आणि दाखवलं की वायरलेस जाळ्यात असे आडमार्ग संपूर्ण जाळं ओलांडणारे असायची गरज नाही. जाळ्याच्या एकूण पसाऱ्याच्या छोट्या हिश्श्याएवढे असले तरी बराचसा फायदा पदरात पडतो. म्हणून १–९ साठी सरळ नजर मिळत नसेल तर १–७ घ्या. २९ ऐवजी ३२ येतील, आकाश कोसळणार नाही.

पायरी ३ : ‘कमकुवत’ शब्दाला फसू नका

ग्रॅनोव्हेटर यांच्या मांडणीला ‘कमकुवत नात्यांचं बळ’ म्हणतात. हे वाचून काही विद्यार्थी कमी सिग्नलचे लांब दुवे जाळ्यात आनंदाने ठेवून देतात. कृपा करून असं करू नका. नातं कमकुवत म्हणजे भेटी कमी. भेट झाली की निरोप पूर्ण पोहोचतो. कमकुवत सिग्नलचा दुवा म्हणजे भेट झाली तरी अर्धे शब्द हवेत विरले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

दुवा चांगला की वाईट हे ठरवायला एक साधं माप आहे, ईटीएक्स : एक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं. जाताना पोहोचण्याचं प्रमाण आणि पोचपावती परतण्याचं प्रमाण यांचा गुणाकार करायचा आणि त्याने एकाला भागायचं. एमआयटीच्या संशोधकांनी हे माप २००३ मध्ये मांडलं. रूफनेट हा प्रयोगही एमआयटीचाच. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, सुमारे चार चौरस किलोमीटरांत, ३७ घरांवर त्यांनी वाय-फायचे नोड लावले होते, फारसं नियोजन न करता.

समजा तुमच्या लांब दुव्यावर दोन्ही दिशांनी ६० टक्केच पॅकेटं पोहोचतात. ०.६ गुणिले ०.६ म्हणजे ०.३६, आणि एक भागिले ०.३६ म्हणजे २.७८. त्याऐवजी मध्ये एक थांबा घेऊन ९५ टक्क्यांचे दोन दुवे घेतले, तर प्रत्येकी १.११, मिळून २.२२. टप्पा वाढूनही दोन चांगले दुवे जिंकले. तेव्हा पायरी २ मध्ये मोजलेले टप्पे हा पहिला अंदाज समजा. जागेवर मोजमाप झालं की प्रत्येक टप्प्याच्या जागी त्याचा ईटीएक्स लिहा आणि बेरीज पुन्हा करा. कागदावरची नववी वाडी प्रत्यक्षात आठवी होऊ शकते.

पायरी ४ : लांब दुवा हवेत बसतो का ते बघा

१–९ हा दुवा ३.२ किलोमीटरचा. तो राउटरच्या सोबत आलेल्या चौफेर अँटेनाने होणार नाही. दोन्ही टोकांना दिशा असलेल्या अँटेना किंवा छोट्या डिश लागतील, आणि त्यांना वेगळा रेडिओ, वेगळा चॅनल. हे टाळून पैसे वाचवू नका, कारण लांब दुवा आणि वाडीतला आखूड दुवा एकाच चॅनलवर ठेवले की आडमार्गाचा सगळा फायदा आपसातल्या भांडणात जातो.

५.८ गिगाहर्ट्झ धरा. मोकळ्या हवेत ३.२ किलोमीटरला सुमारे ११८ डेसिबल घट होते. रेडिओ २० डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं माप) सोडतोय आणि दोन्ही बाजूंना १६ डीबीआयच्या (अँटेना सिग्नल किती एकवटते त्याचं माप) अँटेना आहेत, तर पलीकडे साधारण उणे ६६ डीबीएम मिळायला हवेत. हा आकडा वहीत लिहून मगच खांबावर चढा. वर उणे ७० दिसलं तर ठीक. उणे ८२ दिसलं तर रेडिओला शिव्या देऊ नका. बहुधा अँटेना मुख्य झोताऐवजी बाजूच्या झोतावर जुळलीय, किंवा वाटेत काहीतरी आहे.

वाटेत काहीतरी आहे, हे डोळ्यांना दिसेलच असं नाही. समोरचा खांब दिसला म्हणजे झालं, असं समजू नका. रेडिओला दोन टोकांच्या मध्ये लांबट, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती अशी मोकळी जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. मध्यावर तिची त्रिज्या काढायला किलोमीटरमधल्या अंतराला गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, वर्गमूळ घ्या, ८.६६ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. आपल्या दुव्यासाठी ६.४ मीटर. त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे सुमारे ३.९ मीटर, मोकळा हवा. मधल्या आंब्याच्या शेंड्यापासून तुमची नजरेची रेघ दोनच मीटर वरून जात असेल, तर दुवा दिसेल पण चालणार नाही.

आणि हे मोजमाप मे महिन्यात करत असाल तर झाडांची वाढ धरून करा. एवढ्या अंतरावर पाच गिगाहर्ट्झला पावसाच्या धारेने फारसं बिघडत नाही. बिघडवतात ती ओली पानं. मी स्वतः एक दुवा एप्रिलमध्ये जुळवून खुशीत परतलो होतो आणि जुलैत तो मान टाकून बसला. मध्ये सागाची चार झाडं होती. एप्रिलमध्ये ती निष्पर्ण होती.

दाट झाडीत खालच्या फ्रिक्वेन्सी जास्त टिकतात. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राम मार्ग प्रकल्पाने टीव्हीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या पट्ट्यांवर गावं जोडून बघितली ती याच कारणाने. पण त्या पट्ट्या प्रयोगाच्या परवानगीशिवाय तुम्हाला-मला वापरता येत नाहीत. भारतात विनापरवाना मोकळे आहेत ते मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ (२००५ पासून) आणि ५ गिगाहर्ट्झमधले ठरावीक पट्टे (२०१८ च्या नियमांनुसार), तेही ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत आणि मान्यताप्राप्त उपकरणांनीच. इंटरनेट इतरांना पुरवायचं असेल तर त्याचे नियम वेगळे. सार्वजनिक वाय-फायसाठीच्या २०२०च्या पीएम-वाणी योजनेत छोट्या केंद्रचालकाला परवाना लागत नाही, पण साखळीतल्या नोंदणीकृत संस्थेशी जोडून घ्यावं लागतं. हे काम पहिल्या आठवड्यात करा, शेवटच्या नाही.

पायरी ५ : त्रिकोण मोजा, आणि त्यांना घाबरा

माझा मित्र आणि माझा दुसरा मित्र हे एकमेकांचेही मित्र असले की त्रिकोण होतो. समाजाच्या जाळ्यात त्रिकोण म्हणजे भरवसा. खोटं बोललं तर तिसऱ्याकडून कळतं, अडचण आली तर दोघं धावून येतात.

रेडिओत त्रिकोण आपोआप पडतात. मैदानात टिंबं कशीही विखुरली आणि ठरावीक अंतराच्या आतली जोडली, तर एखाद्याचे कुठलेही दोन शेजारी एकमेकांचेही शेजारी असण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के निघते, मग टिंबं दाट असोत की विरळ. हा नुसत्या भूमितीचा परिणाम आहे. आणि इथे त्रिकोणाचा अर्थ उलटा होतो : तिघांपैकी एक बोलत असताना उरलेल्या दोघांनी गप्प बसायचं. ओळखीत जे बळ, ते हवेत गर्दी. त्रिकोण जास्त म्हणजे वाट मोडली तर पर्याय जास्त, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा बोलायचा वेळ कमी.

म्हणून एकाऐवजी दोन चित्रं काढायची. पहिल्यात कोण कोणाशी नीट बोलू शकतं ते, दुसऱ्यात कोण कोणाला त्रास देऊ शकतं ते. दुसरं चित्र नेहमी जास्त दाट असतं. आपल्या ओळीत १ आणि ३ एकमेकांशी बोलत नाहीत, ८०० मीटरवर आहेत. पण तिसऱ्याचा आवाज पहिल्याच्या कानात खरखर करायला पुरेसा असतो. दोघं एकमेकांना अजिबात ऐकत नसतील तर आणखी वाईट, कारण मग दोघंही एकाच वेळी दुसऱ्या वाडीशी बोलायला लागतात आणि तिथे सगळाच गोंधळ.

चॅनल वाटायचे ते दुसऱ्या चित्रावरून. प्रत्येक वाडीत दोन रेडिओ परवडत असतील तर १–२ ला एक चॅनल, २–३ ला दुसरा, ३–४ ला तिसरा, मग ४–५ ला पुन्हा पहिला. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच वापरतात, १, ६ आणि ११. ते एवढ्यालाच पुरतात, आणि ८०० मीटरवरच्या २ आणि ४ मध्ये थोडी खरखर तरीही उरते. परवडत नसेल तर निदान नवव्या वाडीत तरी जादा रेडिओ द्या. ते का, हे पुढे.

पायरी ६ : कोण पडलं तर काय होईल

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो की तो चार दिवस परगावी गेला तर निम्मी कामं अडतात. लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये अशा माणसाला आकडा दिला : जाळ्यातल्या बाकीच्यांमधल्या सर्वांत आखूड वाटांपैकी किती याच्यावरून जातात. इंग्रजी नाव बिटवीननेस, मी त्याला मध्यस्थता म्हणतो.

नुसत्या ओळीत, आडमार्ग नसताना, दोन ते अकरा यांपैकी कुठलीही वाडी बंद पडली की पुढच्या सगळ्या अंधारात. दहा ठिकाणं अशी, की एक दिवा गेला आणि जाळं तुटलं. १–९ टाकल्यावर १ ते ९ चं कडं झालं, त्यामुळे त्यातली एखादी पडली तर वाहतूक उलट्या बाजूने फिरते. आता नाजूक जागा उरल्या तीनच : ९, १० आणि ११.

पण नववीवरचा भार बघा. सहावी, सातवी, आठवी, दहावी, अकरावी, बारावी, या सहा वाड्यांची वाहतूक तिच्या खांद्यावर आली. आपण टप्पे कमी करायला गेलो आणि एक मातब्बर मध्यस्थ तयार केला. हे टाळता येत नाही; आडमार्ग जिथे उतरतो तिथे भार जमणारच. जादा रेडिओ, मोठी बॅटरी, वीज गेली तरी आठ-दहा तास चालणारा सोलर संच, सगळं आधी तिथे. आणि ज्यांच्या घरावर तो खांब आहे त्या काकांशी-काकूंशी संबंध चांगले ठेवा. किल्ली कुणाकडे असते, गच्चीवर कधी चढलेलं चालतं, हे इतरांपेक्षा त्यांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे.

आता दुसरा आडमार्ग टाका : ८–१२, अंतर १.६ किलोमीटर. टप्प्यांची बेरीज २९ वरून २८ होते. नुसती सरासरी बघणारा म्हणेल, पैसे वाया. पण तुटण्याच्या जागा तीनवरून शून्यावर आल्या. गेटवे सोडून कुठलीही एक वाडी बंद पाडून बघा, बाकीच्या सगळ्या जोडलेल्या राहतात. नववी गेली तर सगळ्यांना डाव्या बाजूने लांबून यावं लागतं, सरासरी साडेपाच टप्पे होतात, वेग रडतखडत. पण निरोप पोहोचतो. पहिला दुवा वेगासाठी, दुसरा टिकावासाठी. माझं मत विचाराल तर निधी दोनच लांब दुव्यांचा असेल तर दोन्ही वेगासाठी कधीच खर्चू नका.

नवी घरं जोडताना एक मोह होतो, त्याबद्दलही सांगतो. जो नोड आधीच उंच आणि चांगला जोडलेला, त्याच्याकडेच प्रत्येक जण आपली डिश वळवतो. अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका अल्बर्ट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की या सवयीतून थोडे बडे आणि पुष्कळ किरकोळ असं जाळं तयार होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की असं जाळं सहज होणाऱ्या बिघाडांना दाद देत नाही, पण नेमके बडे नोड गेले की विस्कटून जातं. रेडिओत त्यात भर म्हणजे बड्या नोडची हवाही संपते. एका नोडवर किती दुवे याची मर्यादा आधीच ठरवा. चार-पाच झाले की पुढच्याला दुसरा शेजारी शोधायला सांगा, थोडा लांब पडला तरी.

मध्यस्थता काढताना एक काळजी घ्या. फ्रीमनचं माप सगळ्या जोड्या धरतं, जणू प्रत्येक वाडी प्रत्येक वाडीशी सारखंच बोलते. इंटरनेटसाठीच्या जाळ्यात बहुतेक वाहतूक गेटवेकडे जाते. तिथे आपण वर मोजलं तसं, गेटवेकडे जाणाऱ्या वाटा मोजणं जास्त खरं.

पायरी ७ : बातमी सगळ्यांनी ओरडून सांगायची नाही

जाळ्यात वाट बदलली की सगळ्यांना कळवावं लागतं. प्रत्येकाने ऐकलेलं पुन्हा ओरडून सांगितलं तर हवा त्यातच भरून जाते. ओएलएसआर या वाटा ठरवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये (२००३ मध्ये प्रसिद्ध) प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांतले मोजके निवडतो, असे की त्यांच्यामार्फत शेजाऱ्यांच्या सगळ्या शेजाऱ्यांपर्यंत निरोप जाईल. बाकीचे ऐकतात, पुढे सांगत नाहीत. लग्नाचं आवतण प्रत्येक आळीतल्या एका घरी देऊन आळीभर सांगायला लावतात, तसंच. बारा नोडांत हा फरक जाणवणार नाही. दाट वस्तीत पन्नास नोड झाले की जाणवेल.

पायरी ८ : दुवाच नसेल तिथे माणसं आणि गाड्या

डोंगराआडची एखादी वाडी कुठल्याच खांबाला दिसत नाही. तिथे समाजाच्या जाळ्यातून घेतलेली सगळ्यात थेट कल्पना कामाला येते : निरोप कुणाच्या तरी खिशातून पाठवायचा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर परिसरात डाकनेट नावाच्या प्रयोगात बसवर वाय-फायचा डबा बसवला होता. बस गावच्या केंद्राजवळून गेली की साठलेला मजकूर चढायचा-उतरायचा, आणि शहरात पोहोचली की इंटरनेटवर जायचा. ठरल्या वेळी धावणारी एसटी, दूध गोळा करणारा टेम्पो, हे आपल्याकडचे तयार वाहक आहेत.

वाहक एकच आणि ठरलेला असेल तर प्रश्न सोपा. अनेक लोकांचे फोन असतील तर निरोप कुणाला द्यायचा? सगळ्यांना वाटला तर साथीसारखा पसरतो आणि नक्की पोहोचतो, पण सगळ्यांची बॅटरी आणि जागा खातो. एलिझाबेथ डेली आणि माड्स हार यांनी २००७ मध्ये सुचवलेली सिमबेट ही पद्धत मध्यस्थता आणि घेणाऱ्याशी असलेल्या समान ओळखी बघते. पान हुई, जॉन क्रॉक्रॉफ्ट आणि ऐको योनेकी यांची २००८ ची बबल रॅप आधी निरोप जास्तीत जास्त लोकांना भेटणाऱ्याकडे सरकवते, आणि घेणाऱ्याच्या कोंडाळ्यात शिरल्यावर त्या कोंडाळ्यातल्या भेटींवर चालते. पोस्टमनकडून वाडीत, आणि वाडीत दुकानवाल्याकडून घरात, हा आपला जुनाच क्रम झाला.

सुरुवातीला असला प्रोटोकॉल लिहायला बसू नका. एक आठवडा वही ठेवा : कोण, कुठे, कधी, किती वेळ भेटलं. लोकांना विचारून, सांगून, त्यांची परवानगी घेऊन, आणि नावाच्या जागी आकडे टाकून. भेटीची नोंद म्हणजे माणसाच्या दिवसाची नोंद असते. ती कुणाच्या हाती पडू नये ही जबाबदारी तुमची. मग प्रत्येक जोडीच्या दोन भेटींमधलं अंतर काढा. सरासरी बघून फसू नका. बऱ्याच जोड्या दिवसात चारदा भेटतात आणि मग आठवडाभर नाही. तुमचा निरोप त्या आठवड्यात अडकतो.

पायरी ९ : आता कॉम्प्युटर

पायथन आणि नेटवर्कएक्स ही लायब्ररी पुरेशी आहे. बारा नोडांची ओळ तयार करा, ० ते ८ हा दुवा जोडा (लायब्ररी शून्यापासून मोजते, म्हणून पहिली वाडी ० आणि नववी ८), गेटवेपासूनची अंतरं मागवा, बेरीज करा. २९ आली पाहिजे. नाही आली तर आकडे एकाने चुकलेत, दहातल्या नऊ वेळा तरी. मग ७ ते ११ हा दुसरा दुवा टाकून तुटण्याच्या जागा मागवा. यादी रिकामी यायला हवी.

हे जमलं की ओळ सोडा आणि तुमच्या खऱ्या गावाचा नकाशा घ्या. खऱ्या जागा, खऱ्या उंची, मोजलेला ईटीएक्स प्रत्येक दुव्याचं वजन म्हणून. संभाव्य लांब दुवे एकेक घालून सगळे तपासा. पन्नास घरांपर्यंत लॅपटॉप हे क्षणात करतो, हुशारी लागत नाही. वरचे पाच पर्याय निवडा आणि दुर्बीण घेऊन बाहेर पडा. पाचातले दोन झाडांत जातील, एकाच्या घरमालकाला खांब नको असेल. उरलेल्या दोनांवर तात्पुरते बांबू उभे करून निदान दोन दिवस सिग्नल आणि पॅकेटांची गळती नोंदवा, दिवसा आणि रात्री दोन्ही. संध्याकाळी सात ते दहा या वेळेतला आकडा धरा, कारण लोक तेव्हाच वापरतात.

खांब पक्का झाला की दोन्ही अँटेनांच्या कोनावर रंगाची खूण करून फोटो काढून ठेवा, आणि उणे किती डीबीएम मिळालं ते तारखेसह खांबावरच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा चढाल तेव्हा आधी तो आकडा बघा.